हॅटी वॉर्डचा पहारा

हॅटी वॉर्ड माझ्या दुकानात यायची तेव्हा तिची नजर मटणावर नसायची, माझ्या अंगठ्यावर असायची. स्केलबेक गावात मी खाटीक, माझ्या आधी माझा बाप खाटीक, आणि आम्हा दोघांचा अंगठा तराजूला लागलेला आजवर कुणी पाहिलेला नाही. तरी ती म्हणायची, "रॅल्फ अगार, हात मागं घे आणि मग सांग किती भरलं." मी हात मागं बांधून उभा राहायचो. काटा होता तिथंच असायचा. ती नुसतं "हं" म्हणायची, आणि त्या 'हं'चा अर्थ असा, की आज सापडला नाहीस, पुढं कधीतरी सापडशील.

कागदावर ती हॅरिएट; तोंडावर आम्ही सगळे तिला मिस वॉर्ड म्हणायचो, पाठीमागं हॅटी. नुसतं वॉर्ड म्हणून भागायचं नाही. आमच्या गावात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी वॉर्डालाच लागणार. म्हणून मग गिरणीवाले वॉर्ड, बेकरीवाले वॉर्ड, दोन कुत्री वॉर्ड. यातली दोन्ही कुत्री मेल्याला चाळीस वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हॅटीचं घराणं फाटकवाल्या वॉर्डांचं. माळावरची मेंढरं गावात उतरू नयेत म्हणून पूर्वी रस्त्यावर एक फाटक होतं, त्याला लागून त्यांचं घर. फाटक काढून कधीच रस्त्यात मेंढरांचे पाय अडवणाऱ्या लोखंडी नळ्या बसवल्या, पण त्याच्यासमोरची खिडकी होती आणि खिडकीत हॅटी होती. गावात कोण आलं, कोण गेलं, आलेला रिकाम्या हातानं आला की पिशवी घेऊन, हे आम्हाला तिच्याकडून कळायचं.

दुधाच्या बाटलीवर ती पेन्सिलीनं रेघ मारून ठेवायची. जॅमच्या बरणीवरही. ती एकटी राहत होती, तेव्हा चोरून जॅम खाणार कोण, हे तिला विचारायची कुणाची टाप नव्हती. चॅपेलमध्ये बसायची ती अगदी शेवटच्या बाकावर, पाठीमागं कुणी नको म्हणून. नव्या पाद्रीबुवांनी एकदा तिला पुढं यायचा आग्रह केला. ती म्हणाली, "तुम्ही देवाकडं बघा, मी बाकीच्यांकडं बघते."

पूर्वी ती एकटी नव्हती. तिचा धाकटा भाऊ क्लिफर्ड तिच्याबरोबर राहायचा. रेल्वेच्या कामावर असताना त्याच्या गुडघ्यावर रुळाखालचा ओंडका पडला, आणि तेव्हापासून तो पाय काठीसारखा ताठ झाला. चांगला माणूस, मऊ बोलायचा, गुरुवारी पलीकडच्या गावी ब्रास बँडच्या तालमीला जायचा, पेटीत कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारी घेऊन. पण खरं सांगायचं तर त्याचा गुडघा वाकत नव्हता आणि कणा ताठ होत नव्हता. बहिणीपुढं तर नाहीच. चाळिशी उलटल्यावर त्यानं एकदा हिंमत करून थोरा वेल्बर्नला घरी चहाला बोलावलं. थोरा म्हणजे शाळेची स्वयंपाकीण, ओढ्यापलीकडं राहायची. बुटकी इतकी, की माझ्या काउंटरवरून मला तिची फक्त टोपी दिसते. ती आली, चहा प्याली, केक खाल्ला, आभार मानून उठली. ती अजून बागेच्या वाटेवर असतानाच उघड्या खिडकीत बसून हॅटीनं चमचे मोजले. मोठ्यानं. थोरानं ते ऐकलं आणि मागं वळून न बघता ती गेली. त्यानंतर ती त्या घरात आली नाही, क्लिफर्डनंही विषय काढला नाही, आणि गावाला वर्षभर हसायला विषय मिळाला. मीही हसलो. आता हसू येत नाही.

क्लिफर्डनं जगात मागं ठेवलं ते एक झुडूप. आमच्याकडं गूजबेरी खायला लावत नाहीत, तोलायला लावतात. ऑगस्टमधल्या पहिल्या मंगळवारी गावच्या हॉलमध्ये बेरीचा शो भरतो आणि सगळ्यांत जड फळ जिंकतं. त्यापायी माणसं झुडपावर मोजकीच फळं ठेवून बाकीची खुडून टाकतात, वर छत्री बांधतात, कारण उन्हामागून जोराचा पाऊस आला की साल फुटते आणि फुटलेलं फळ तराजूवर चढत नाही. जुलैमध्ये नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना आपापल्या झुडपाजवळ एकटं सोडत नाहीत. क्लिफर्डनं बियांपासून एक नवीच जात तयार केली होती. फिकट पिवळं फळ, लहान अंड्याएवढं, देठापाशी तांबूस डाग. त्याला वाकता येत नसल्यामुळं त्यानं ते झुडूप एका उंच सोटावर, म्हणजे सरळ एकाच खोडावर वाढवलं होतं, छातीला लागेल एवढ्या. माळावरचा वारा बघता असं कुणी करत नाही. आमची झुडपं घोट्यापासूनच फुटतात.

क्लिफर्ड जाऊन आठ वर्षं झाली होती. हॅटी दर वर्षी त्या झुडपाचं फळ आणायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. पण तराजूवर मी असतो, आणि मला दर वर्षी तेच पुकारावं लागायचं: "हॅरिएट वॉर्ड, बेनाव रोप." कारण आमच्या मंडळाचा नियम असा, की नव्या जातीचं फळ दोन वेगळ्या घरांतून शोला आल्याशिवाय त्या जातीला नाव मिळत नाही. आणि दुसऱ्या घरी त्या झुडपाची लावायला कापलेली काडी हातानं दिलेली असावी लागते, ढापलेली चालत नाही. तराजूवाला सगळ्यांदेखत मूळ घराला विचारतो, "दिलेली?" आणि त्या घरानं "दिलेली" म्हटलं, की मग नाव सांगायचा मान त्या घराचा. हॅटीला एकच गोष्ट हवी होती. 'क्लिफर्ड वॉर्ड' हे नाव त्या हॉलमध्ये पुकारलं जावं. त्यासाठी तिनं कुणालाही एक काडी द्यायची होती, बस. पण काडी द्यायची म्हणजे विश्वास ठेवायचा, आणि तेवढं तिच्याकडून होत नव्हतं. झुडूप इकडं म्हातारं होत चाललं होतं. अर्ध्या फांद्या वाळल्या होत्या, सोटाला भेग गेली होती.

"मिस वॉर्ड, मला द्या काडी," मी एकदा म्हणालो होतो. "मी तराजूवर असतो, मला फळ मांडता येत नाही. माझ्याकडून तुम्हाला कसली भीती?"

"तुझ्या बायकोला मांडता येतं," ती म्हणाली.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैमध्ये गावात एक अनोळखी माणूस उतरला. बदामी रंगाची गाडी, भर उन्हात रेनकोट, गळ्यात कॅमेरा. तो घराघरांचे फोटो काढायचा, दफनभूमीत दगडांपुढं ओणवा व्हायचा आणि माझ्या दुकानात येऊन मांसाचं सारण भरलेली पोर्क पाई खाता खाता विचारायचा, "इथं वॉर्ड आडनावाचे लोक किती असतील हो?" आता असं कोण विचारतं? बेकरीवाल्या वॉर्डाच्या मते तो टॅक्सवाला होता. दोन कुत्री वॉर्ड म्हणाला, टीव्हीचं लायसन तपासणारा. बेरी लावणाऱ्यांना मात्र शंकाच नव्हती. चेशरमध्येही बेरीची मंडळं आहेत, आणि त्यांनी आमची झुडपं बघायला हेर पाठवला होता. मी त्याला पाईचा दुसरा तुकडा दिला आणि तो भिंतीपलीकडं कुठं कुठं बघतो यावर लक्ष ठेवलं.

त्याचं म्हणणं असं, की त्याचं नाव डेस्मंड वॉर्ड, लेस्टरच्या शाळेत भूगोल शिकवून तो निवृत्त झाला, आणि आता वॉर्ड हे आडनाव कुठून आलं, ते लावणारे कोण कोण नामवंत झाले, हे गोळा करत फिरतो. शोच्या दिवशी हॉलच्या एका भिंतीवर त्याला ते सगळं मांडायचं होतं. इतकं निरुपद्रवी कारण ऐकल्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली, की काहीतरी काळंबेरं आहे.

हॅटी दुकानात आली. "उद्या तो माझ्याकडं येतोय. मला साक्षीदार हवा. तू ये."

"मीच का?"

"तुझ्यावर माझा विश्वास नाही. पण तू इथला आहेस."

तिनं डेस्मंडला खिडकीसमोर बसवलं, उजेड त्याच्या डोळ्यांवर येईल असा. चहा दिला, पण चमचा स्वतःच्या हातात ठेवला आणि त्याची साखर स्वतःच ढवळून दिली. तो बिचारा आभार मानत राहिला.

"वॉर्ड," तिनं सुरुवात केली. "लेस्टरमध्ये वॉर्ड कसे काय?"

"तिकडं तर रगड आहेत, मॅडम. हे नाव एका जागेचं नाहीच. जुन्या भाषेत वॉर्ड म्हणजे पहारेकरी. किल्ल्यावर, पुलावर, फाटकावर जो राखण करायचा त्याला लोक तसं म्हणायचे. इस्पितळातला वॉर्ड, नगरपालिकेचा वॉर्ड, सगळ्यांच्या मुळाशी तेच आहे. राखणं."

हॅटीनं माझ्याकडं बघितलं. पदक मिळाल्यासारखी तिची मान वर झाली होती. "ऐकलंस? फाटकावर राखण करायचा."

"सगळेच नाहीत पण," डेस्मंड प्रामाणिकपणे म्हणाला. "आयर्लंडकडचे बरेच वॉर्ड मुळात भाटांच्या घराण्यातले. राजापुढं गाणी म्हणणारे."

"ते गिरणीवाले असणार," हॅटी म्हणाली. "बरं, आणि नामवंत कोण?"

त्यानं बोटांवर मोजून सांगितले. एक वॉर्ड बिशप होता आणि आकाशातल्या ताऱ्यांचाही अभ्यासक. एक नावाजलेला चित्रकार. एक पार न्यूझीलंडमध्ये जाऊन पंतप्रधान झालेला. आणि त्याचा स्वतःचा सगळ्यांत लाडका म्हणजे लंडनचा एक डॉक्टर वॉर्ड, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा. त्यानं काचेची एक बंद पेटी काढली. तिच्यात रोपं ठेवली की महिनोन्‌महिने बोटीवर जगायची. चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात गेली ती अशा पेट्यांतून.

"म्हणजे हा सगळ्या जगाला रोपं वाटत सुटला," हॅटी म्हणाली.

"तसंच म्हणा."

"तो आमच्यातला नव्हे." तिनं आपला कप ठेवला आणि म्हणाली, "माझ्या भावाला लावा तुमच्या भिंतीवर. क्लिफर्ड वॉर्ड."

डेस्मंडनं वही उघडली. "त्यांनी काय केलं?"

तोंडानं सांगण्याऐवजी ती त्याला बागेत घेऊन गेली. मी चकितच झालो, कारण मागच्या बागेचं दार तिनं माझ्यासाठीही कधी उघडलं नव्हतं. छत्रीखाली ते उंच झुडूप उभं होतं, अर्धं वाळलेलं, आणि जित्या अर्ध्यावर पाच फळं लटकत होती. "हे त्यानं केलं," ती म्हणाली. "जगात दुसरं नाही."

डेस्मंडनं चष्मा वर केला. "गंमत आहे. मी परवाच असं पाहिलं. अगदी असंच उंच. ओढ्यापलीकडं, मिस वेल्बर्नांच्या मागच्या अंगणात. मला वाटलं, तुमच्याकडची पद्धतच आहे."

हॅटी घरात वळली, मी तिच्यामागून. तिनं डोक्यावर हॅट चढवली, दाराला कुलूप लावलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि उतारानं चालू लागली. मी मागोमाग निघालो. साक्षीदार म्हणून नेमणूक झालेलीच होती. डेस्मंड तिथंच राहिला, कुलपाच्या आत, बागेत. मला ते अर्ध्या वाटेवर आठवलं, पण तिला सांगायची ती वेळ नव्हती.

थोरा कपडे वाळत घालत होती. हॅटी तिच्या बाजूनं सरळ मागं गेली. कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला, तेच झुडूप. उंच सोट, फिकट पिवळी फळं, देठापाशी तांबूस डाग. फरक एवढाच, की हे जोमात होतं. शेजारी दूध काढायचं तिपायी स्टूल पडलं होतं. मी ते पाहिलं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

"कुठून आणलंस?" हॅटी म्हणाली.

"क्लिफर्डनं दिलं."

"माझ्या भावानं मला विचारल्याशिवाय चहात साखरसुद्धा घातली नाही कधी."

"म्हणूनच तुला न विचारता दिलं."

"खोटं. तू माझ्या भिंतीवरून आलीस आणि तोडून नेलंस."

"मी? तुझ्या भिंतीवरून?" थोरानं स्वतःकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला तसा फार वेळ लागला नाही. "हॅटी, मला तुझ्या भिंतीवरून पलीकडचं दिसतसुद्धा नाही."

"मग माणूस पाठवलास. पुरावा काय तुझ्याकडं?"

"काडी दिली होती. पावती नव्हती दिली."

"शोच्या दिवशी सगळ्या गावादेखत तुला चोर म्हणेन मी."

थोरानं हातातला टॉवेल झटकून दोरीवर टाकला. "म्हण. मी फळ घेऊन येतेच. रॅल्फ तराजूवर विचारेल, दिलेली की नाही. तू उत्तर दे."

हॅटी तरातरा निघून गेली. मी मागं रेंगाळलो. "थोरा, इतकी वर्षं तू हे कधी शोला का आणलं नाहीस?"

"तिनं चमचे मोजले होते, रॅल्फ," ती म्हणाली. "ही काडी मोजली नसती होय?"

शोपर्यंत गावाला दुसरा विषय नव्हता. निम्मे म्हणत होते, थोरानं चोरली. निम्मे म्हणत होते, हॅटी साधी जीभसुद्धा कुणाला दाखवणार नाही, तिच्याच रक्ताचा भाऊ काडी देतो कसला. म्हणजे दोन्ही निम्म्यांचं मत एकच होतं, फक्त थोराची कीव कुणाला जास्त येते एवढाच फरक. माझं मन दोन्हीकडं जात होतं. थोरा सालस खरी, पण जुलैमध्ये बेरीपायी सालस माणसंही काय काय करतात ते मी पाहिलं आहे. चॅपेलच्या वाद्यवादकानं शेजाऱ्याच्या छत्रीला भोकं पाडलेली मला माहीत आहेत.

शोच्या आदल्या शनिवारी हॅटी दुकानात आली. मी मटण तोललं. तिनं माझ्या अंगठ्याकडं बघितलंच नाही.

"रॅल्फ," ती म्हणाली, "क्लिफर्ड मला फसवेल?"

"मिस वॉर्ड, तुम्ही याकडं असं बघा. 'दिलेली' म्हणालात, तर त्याच मिनिटाला त्याचं नाव मी पुकारतो. 'ढापलेली' म्हणालात, तर थोरा बाद, तुमची बेरी बेनावच राहणार, आणि तुमचं झुडूप काही पुढचा हिवाळा काढत नाही. मग सगळंच संपलं."

"ते मला कळतं. मी मूर्ख नाही." तिनं पिशवीचे बंद आवळले. "पण ती चोर असली आणि मी दिलेली म्हटलं, तर चोराला सोडलं. आणि ती खरं बोलत असली, तर तो माझ्या डोळ्यांदेखत माझ्यापासून लपवत होता. मी खिडकीत बसलेली असताना. दोन्हींतलं मी काय म्हणू?"

मटण काउंटरवरच विसरून ती निघाली, आणि मला ते तिच्यामागं धावत जाऊन द्यावं लागलं.

मंगळवारी हॉल गच्च भरला होता. एका भिंतीवर डेस्मंडनं आपली मंडळी लावली होती: बिशप, चित्रकार, पंतप्रधान, काचेच्या पेटीवाला डॉक्टर. शेवटी एक कोरी चौकट ठेवली होती. हॅटीच्या बागेत कोंडला गेल्यावर तो भिंत चढून बाहेर पडला होता आणि त्याच्या रेनकोटाची एक बाही फाटली होती. त्यामुळं गावाचं त्याच्याबद्दल जरा बरं मत झालं होतं.

मी जुना पितळी तराजू मांडला. बशा येत गेल्या, नावं पुकारत गेलो. मग हॅटीची बशी आली आणि तिच्या शेजारी थोरानं आपली ठेवली, टाचा उंचावून. दोन्ही फळं एका आईची होती, हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. नियमाप्रमाणं मी विचारलं, "हॅरिएट वॉर्ड, मूळ रोप तुमच्या घरचं. दुसऱ्या घरी गेलेली काडी, दिलेली?"

ती उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो आणि माझी खात्री होत चालली होती, की ती चोर म्हणणार. ओठ तसे मिटले होते. ती थोराकडं बघत होती, मग थोराच्या बशीकडं, मग पुन्हा थोराकडं. थोराच्या टाचा अजून खाली टेकल्या नव्हत्या.

"ते स्टूल कशाला ठेवतेस झाडाजवळ?" हॅटीनं विचारलं.

कुणाला काही कळेना. थोरा म्हणाली, "हात पोचत नाही. फळ तोडायला चढावं लागतं."

"तुझा हात पोचत नाही."

"नाही."

"मग एवढ्या उंच सोटावर वाढवलंस कशाला?"

थोरानं आपल्या बशीकडं बघितलं. आता मलाही ते दिसलं, आणि हॉलमधल्या प्रत्येक बेरीवाल्याला दिसलं. काडी चोरता येते, पण ती बोटाएवढी असते. सोट मागून करावा लागतो. खालचे कोंब दर हिवाळ्यात कुणीतरी काढावे लागतात, तीन वर्षं तरी, तेव्हा झुडूप उंच उभं राहतं. आणि थोराला उंच झुडपाचा उपयोग काय?

"मी नाही वाढवलं," ती हळूच म्हणाली. "ज्याला वाकता येत नव्हतं त्यानं वाढवलं. मी म्हणायचे, अरे, माझ्या उंचीचं कर. तो म्हणायचा, मग मला कसं जमेल?"

हॅटीनं टेबलाची कड धरली. "गुरुवारी?"

"गुरुवारी."

"पेटी घेऊन जायचा तो. कॉर्नेटची."

"पेटीत चाकू असायचा. आणि कधी केक."

"रस्ता ओलांडेपर्यंत मी बघायचे त्याच्याकडं. प्रत्येक गुरुवारी."

"माहीत आहे. तो वळणावरून खाली उतरून ओढ्यातनं यायचा. बूट ओले व्हायचे. माझ्या चुलीजवळ वाळवायचा."

फाटकवाल्या वॉर्डांनी मेंढरांपासून गाव राखला म्हणे, आणि एक लंगडा माणूस वर्षानुवर्षं त्यांच्याच खिडकीखालून निसटत होता. मला वाटलं, हॅटी आता खाली बसेल. ती बसली नाही. तिनं हॅट सरळ केली आणि माझ्याकडं वळली.

"दिलेली," ती म्हणाली.

मी पुढचा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. डेस्मंडनं तर कोऱ्या चौकटीत लावायचं कार्ड आधीच लिहून हातात धरलं होतं. "तर मग नाव सांगा."

"थोरा वॉर्ड," हॅटी म्हणाली.

मला वाटलं तिची जीभ घसरली. मी म्हणालो, "क्लिफर्ड वॉर्ड?"

"तुला ऐकू येत नाही का, रॅल्फ अगार? त्याचं नाव त्याच्या दगडावर कोरलंय. हिला ते आडनाव मिळायला हवं होतं आणि मी मिळू दिलं नाही. थोरा वॉर्ड. पुकार."

मी पुकारलं. थोरानं टोपीची कड दोन्ही हातांनी खाली ओढली. डेस्मंडनं हातातलं कार्ड खिशात घातलं, दुसरं काढलं आणि भिंतीला टेकवून लिहायला लागला. वॉर्ड आडनावाच्या नामवंतांत, बिशपच्या आणि पंतप्रधानांच्या रांगेत, ज्या बाईनं ते आडनाव कधी लावलंच नव्हतं ती जाऊन बसली.

फळं तोलायची राहिली होती. थोराचं फळ जड भरलं, अगदी सर्वांत लहान वजनाच्या फरकानं.

"हात मागं घे, रॅल्फ," हॅटी म्हणाली, "आणि परत तोल."

मी हात मागं बांधून परत तोललं. थोराचंच जड होतं. "हं," ती म्हणाली.

त्या शरद ऋतूत तिनं काड्या वाटल्या. मलाही एक दिली, आणि मी ती नीट लावली की नाही हे बघायला आठवड्यातून दोनदा माझ्या अंगणात येऊ लागली. डेस्मंड लेस्टरला परतला. तो चेशरचा हेर होता असं दोन कुत्री वॉर्डाचं मत अजून आहे. थोरा गुरुवारी फाटकाच्या घरी चहाला जाऊ लागली, ओढ्यातून नाही, रस्त्यानं, सगळ्यांच्या समोर.

पहिल्या गुरुवारनंतर हॅटी दुकानात आली, तेव्हा मला राहवलं नाही. "काय मिस वॉर्ड, चमचे मोजले का?"

मला वाटलं, आता ती माझी सालटी काढणार. तिनं मटणाची पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेली.

"मोजले," ती म्हणाली. "बरोबर होते." मग दार धरून वळली. "तेव्हाही बरोबरच होते, रॅल्फ."